तुम्ही विचारलंत म्हणून: पृथ्वी ‘योग्य अंतरावर’ आहे म्हणूनच जीव आहेत का?

भूशास्त्र शिकवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. ‘पृथ्वी सूर्यापासून अगदी नेमक्या अंतरावर आहे म्हणूनच इथे जीव आहेत ना?’ विचारणाऱ्याला खरं तर ‘हो’ एवढंच हवं असतं. व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात हा नेमकेपणा थेट फुटांवर येतो: इतके फूट जवळ असतो तर करपलो असतो, इतके फूट लांब असतो तर गोठलो असतो.

फुटांचं आधी उरकून टाकू. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर. दर वर्षी ५० लाख किलोमीटरची ये-जा होते आणि मिळणाऱ्या उन्हात जवळपास ७ टक्के फरक पडतो. सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो त्या दिवसांत नाशिककर स्वेटर घालून फिरत असतात.

अंतराला महत्त्व आहेच. बुधाच्या जागी पाणी टिकलं नसतं. पण तेवढंच कारण धरलं तर शुक्राचा हिशेब जुळत नाही. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला १,३६१ वॅट ऊन पोचतं. अख्ख्या गोलावर, रात्र धरून, त्याची सरासरी ३४० वॅट. त्यातलं ३० टक्के ढग, बर्फ आणि वाळवंटं परत फेकतात, उरतात २३८. एवढ्यावर तापमान निघतं उणे १८ अंश. प्रत्यक्षात सरासरी १५ च्या आसपास आहे. मधले ३३ अंश मुख्यतः हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे. शुक्रावर ऊन जवळजवळ दुप्पट, पण तिथले ढग तीन चतुर्थांश ऊन परतवतात. शोषलं जातं जेमतेम १६० वॅट, म्हणजे पृथ्वीपेक्षा कमीच! तरीही तिथली जमीन ४६५ अंशांवर आहे, कारण वर आपल्या ९० पट दाबाची, जवळपास निव्वळ कार्बन डायऑक्साइडची हवा आहे.

आणि पृथ्वीकडेही तो वायू साधारण तेवढाच आहे. फक्त हवेत नाही, चुनखडीत कोंडलेला आहे. तो तिथे कसा गेला, हेच माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर.

घाटरस्त्यासाठी कापलेली दरड जवळून बघा. मधे कठीण काळा गोटा, त्याभोवती कांद्यासारखे सुटणारे तपकिरी पापुद्रे आणि बाहेर बोटांनी चुरणारा मुरूम. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं, फटींत शिरतं आणि या काळ्या खडकातलं, म्हणजे बेसॉल्टमधलं, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून नेतं. बेसॉल्टच्या वजनात सुमारे १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड असतं. त्यापासून बनलेल्या जांभ्याच्या चिऱ्यात ते नावालाच उरतं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, बाकीचं बरंचसं पाण्याबरोबर गेलं. विरघळलेला वायू बायकार्बोनेट होऊन नद्यांतून समुद्रात पोचतो आणि तिथे शिंपले, प्रवाळ, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) त्याची कवचं करतात.

ही शेवटची पायरी स्वयंपाकघरातही दिसते. बोअरचं जड पाणी उकळलं की पातेल्याला आतून पांढरा थर धरतो. बायकार्बोनेट मोडून निम्मा कार्बन कॅल्शियम कार्बोनेट म्हणून बसलेला असतो, निम्मा वायू होऊन उडालेला असतो. थरावर लिंबू पिळलं की फेस येतो, तो हा बसलेला निम्मा. या निम्म्याकडे दुर्लक्ष करू नका, सगळी मेख तिथे आहे. झिजणारा खडक मुळातच चुनखडीचा असेल तर विरघळताना घेतलेला सगळा वायू समुद्रात परत सुटतो, निव्वळ जमा शून्य. बेसॉल्ट किंवा ग्रॅनाइटसारखा सिलिकेट (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगांचा) खडक असेल तरच अर्धा गाडला जातो.

गाडलेलं तसंच राहिलं असतं तर हवा रिकामी होऊन आपण गोठलो असतो. पण समुद्रतळाच्या प्लेटा (भूकवचाचे प्रचंड तुकडे) खंडांखाली सरकतात, चुनखडी खोलवर तापते आणि ज्वालामुखी तो वायू वर आणून सोडतात. यातला आपोआप सावरणारा भाग शास्त्रज्ञ जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी १९८१ मध्ये मांडला. ऊब वाढली की पाऊस वाढतो, खडक भराभर झिजतो, वायू कमी होतो. गारठा वाढला की झीज मंदावते, ज्वालामुखी मात्र चालूच, म्हणून वायू साठतो. सुरुवातीला सूर्य आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता, तरी ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या ४४० कोटी वर्षांपर्यंत जुन्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांत द्रवरूप पाण्याच्या खुणा सापडतात. ते कसं शक्य झालं, याचं बरंचसं उत्तर इथे मिळतं.

ही व्यवस्था अधूनमधून कोलमडतेही. ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वी दोनदा बर्फ विषुववृत्ताच्या आसपास पोचलं. बर्फाखालच्या खडकाला पाऊस लागेना, वायू लाखो वर्षं साठला आणि बर्फ वितळलं. नामिबियात हिमनद्यांच्या गाळावर थेट चुनखडीचा थर दिसतो, तो या वितळण्यानंतरचा.

शेजारच्या ग्रहांवर हे चक्र टिकलं नाही. मंगळाचं वस्तुमान आपल्या दहाव्या हिश्शाएवढं. तो लवकर निवला, गाडलेलं वर आणणारं काही उरलं नाही, हवाही निसटली. शुक्राचं पाणीच गेलं, आणि पाण्यावाचून ही झीज होत नाही. आपलं पाणी टिकलं त्यात हवेच्या एका गार थराचा मोठा हात आहे: विषुववृत्तावर साधारण १७ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ८० अंशांपर्यंत उतरतं, वाफ तिथे गोठते आणि वर जाऊन अतिनील किरणांनी फुटण्यापासून वाचते. हवा टिकवण्याबद्दल चुंबकीय क्षेत्राचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी त्याची हवा शाबूत आहे.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग आपण वाढवलेला वायूही पृथ्वीच खाऊन टाकेल की?’ खाईल, पण लाखो वर्षांत. सगळ्या ज्वालामुखींचा मिळून वायू आपल्या उत्सर्जनाच्या एखाद्या टक्क्याच्या घरात भरतो.

ही झीज लवकर व्हावी म्हणून क्रशरवरची बेसॉल्टची बारीक भुकटी शेतात टाकून बघतात. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये दर वर्षी हेक्टरी ५० टन टाकून प्रयोग झाले. एक टन भुकटी फार तर ३०० किलो वायू धरू शकते, तेही पूर्ण झिजली तर. खडीएवढे जाड कण असतील तर ते पिढ्यान्‌पिढ्या तसेच पडून राहतात. कोरडवाहू रानात पाण्याअभावी क्रिया अडते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत बायकार्बोनेट नदीपर्यंत जाण्याआधीच जागेवर त्याचे चुन्याचे खडे बनतात आणि निम्मा वायू तिथेच सुटतो. भातखाचरात पाणी भरपूर, माती आम्ल, म्हणून गणित बरं बसेल असं वाटतं. पण युरिया सढळ हाताने पडत असेल तर मातीत तयार होणारं नायट्रिक आम्लच खडक झिजवतं आणि कार्बन डायऑक्साइड हवेत आहे तिथेच राहतो.