मानेतला कान

पुण्यात ज्यांनी शाळेपासून सायकल चालवलीय त्यांच्या मानेत, मागच्या बाजूला, एक जास्तीचा कान असतो. मला तरी आहे. मागून येतोय तो टेम्पो की रिक्षा, बस असेल तर ती थांबणार आहे का आपल्याला कडेला चेपणार आहे, बाईकवाला डावीकडून घुसणार की उजवीकडून, हे सगळं मी मान न वळवता सांगू शकते. हे काही कौशल्य वगैरे नाही, जिवंत राहायची सोय आहे. ह्या कानाला सुट्टी नसते आणि आपण त्याला पगार देतोय हेही आपल्याला माहीत नसतं.

गेल्या मे महिन्यात ह्या कानाचं काय करायचं हा प्रश्न पहिल्यांदा पडला. लेक फ्रान्समध्ये ल्योंला शिकते, तिच्याकडे गेलो होतो. तिची परीक्षा होती, म्हणजे आम्ही दोघं घरात नसणं हीच तिची परीक्षेची तयारी, त्यामुळे तिनेच आम्हाला ट्रेनने शालों-स्युर-सोनला पाठवलं आणि म्हणाली, आई, तिथून क्लुनीपर्यंत जुन्या रेल्वेलाईनचा सायकलमार्ग आहे, एकही गाडी नाही, आरामात जा, तीन दिवस लावा, चार लावा. (चार म्हणताना जरा जास्तच आशेने म्हणाली.)

अशा वाटेला तिकडे व्वा व्हेर्त म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. मराठी माणसाला त्यातला 'व्वा' आधी ऐकू येतो आणि तो बरोबरच आहे. जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा पट्टा १९९७ साली सुरू झाला, फ्रान्समधली ही पहिलीच व्वा व्हेर्त. शालोंपासून जिव्रीपर्यंत दहाएक किलोमीटर आहेत. शालों हे न्येप्सचं गाव. जगातला टिकून राहिलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्याचा फोटो त्याने इथून जवळच काढला, १८२७ च्या आसपास, पण मला जास्त आवडलं ते हे की ह्याच बाबाने १८१८ मध्ये पेडल नसलेली, पायांनी जमीन ढकलत चालवायची दोन चाकांची गाडी करून घेतली, तिला वरखाली करता येणारी सीट बसवली आणि तिला तो व्हेलोसिपेद म्हणायचा. सीटची उंची चुकली की गुडघ्याचं काय होतं हे पन्नाशीत कळतं, त्यामुळे मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि आपली सीट एक बोट वर घेतली.

पहिल्या दिवशी मी दर दोन मिनिटांनी मागे बघत होते. दोन्हीकडे झाडं, मध्ये गुळगुळीत डांबर, मागे कुणी नाही. परत बघायचं, परत कुणी नाही.

"काय बघतेस सारखी?" नवरा म्हणाला.

"काही नाही रे. सवय."

"कुणी येणार नाहीये अगं."

हे त्याने धीर देण्यासाठी म्हटलं होतं पण मला ते जरा भीतीदायकच वाटलं.

ब्युसी गेलं (स्पेलिंगमध्ये एक्स आहे, पण एक्स म्हटलं की लोक हसतात), द्राक्षाचे मळे मागे पडले, मग कुरणं सुरू झाली आणि त्यात पांढऱ्याशुभ्र शारोले गायी. ह्या गायी बघतात. म्हणजे नुसत्या बघत नाहीत, रवंथ थांबवून अख्खा कळप मान वळवतो आणि आपण दिसेनासे होईपर्यंत वळवत राहतो, लग्नाच्या हॉलमध्ये उशिरा शिरल्यावर होतं तसं.

गंमत अशी की हा सगळा प्रदेश टेकड्यांचा आहे, जिकडे बघावं तिकडे चढ-उतार, पण वाट मात्र जवळजवळ सपाट. कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढाला घसरतं, आगगाडीला चढ नको असतो, म्हणून इंजिनियरांनी कुठे टेकडी कापली, कुठे भराव घातला, कुठे सरळ वळसा मारला. ती मेहनत आगगाडीसाठी झाली आणि फुकट मिळाली माझ्या गुडघ्यांना. जुनी स्टेशनं अजून आहेत, कुठे गावाचं नाव भिंतीवर तसंच, खिडकीला पडदे, प्लॅटफॉर्मवर कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले. बघायला फार छान वाटतं, पण एका स्टेशनबाहेरच्या बाकावर डबा खाताना मनात आलं की ही शांतता काही आकाशातून पडलेली नाही. लोकांनी मोटारी घेतल्या, आगगाडीला गर्दी राहिली नाही, मग आगगाडीच राहिली नाही. आता ज्या म्हातारीला मोटार चालवता येत नाही ती तालुक्याच्या गावी कशी जाते कोण जाणे. तिची आगगाडी गेली म्हणून माझी वाट झाली. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आधी ते अंडं खा.

दुसऱ्या दिवशी, सँ-जाँगूच्या पुढे कुठेतरी, कान झोपला. कधी झोपला ते कळलं नाही, बराच वेळ मागे बघितलं नाहीये एवढंच एकदम लक्षात आलं, आणि मग इतर आवाज यायला लागले, आधी सायकलचेच. पेडल थांबवलं की मागच्या चाकाची ती बारीक टिकटिक, डावीकडच्या पिशवीचा हूक खड्ड्यावर वाजतो तो, नवऱ्याची चेन तेल मागतेय ती. मग लांबचे आवाज. कुक्कू! आपली कोकिळा कुहू करत चढत जाते, हा पक्षी मात्र हुबेहूब भिंतीवरच्या घड्याळासारखा दोनच सूर लावतो, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की घड्याळवाल्यांनी ते आपल्या मनाने बनवलंय.

सायकलला घंटी होती. तीन दिवसांत मी ती वाजवू शकले नाही. समोर एखादे आजोबा कुत्र्याला घेऊन चाललेत किंवा पोरं स्केटिंग करतायत, मी अंगठा घंटीवर ठेवायची आणि काढून घ्यायची. पुण्यात घंटी वाजवून कुणाला ऐकू जात नाही म्हणून वाजवत नाही, इथे फारच ऐकू जाईल म्हणून नाही. शेवटी हळू होऊन खाकरायचं आणि बोंजूर म्हणायचं.

कोर्माताँला नवऱ्याला खुमखुमी आली. सपाट रस्त्यावर चालवून कंटाळा आला म्हणे, म्हणून वाट सोडून शापेझ करत ब्राँसियोंला गेलो. शापेझला हजार वर्षांपूर्वीचं रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि गोल कमानींच्या शैलीतलं, चर्च आहे, त्या एवढ्याशा गावात पस्तीसेक मीटर उंच मनोरा. ब्राँसियों डोंगरावरचं जुनं किल्ल्याचं गाव. चढ चांगला होता. मी सगळ्यात हलक्या गिअरला आणि तोंडाने शिव्या. आणि एका वळणावर मागे मोटार.

झोपलेला कान ताडकन जागा झाला. आता हॉर्न येणार म्हणून मी खांदे आवळून बसले. हॉर्न येईना. मोटार आपली मागे, माझ्या वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने, सरपटतेय. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा तिकडे कायदा आहे आणि वळणावर त्याला तेवढी जागा दिसत नव्हती, म्हणून तो थांबला होता इतकंच. पण मला त्या हॉर्न न वाजण्याचा इतका ताण आला की वाजव रे बाबा एकदाचा असं ओरडावंसं वाटलं. वळण संपल्यावर तो पार पलीकडच्या कडेने गेला आणि वर हात करून गेला. मी उतरून पाणी प्यायले. पाणी आदल्या गावच्या कबरस्तानातलं होतं, तिथे फुलझाडांसाठी नळ असतो, पिण्यायोग्य नाही अशी पाटी नसली तर सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. आधी कसंतरी वाटलं, मग नाही वाटलं.

परत वाटेवर आलो, तेझे गाव मागे टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी क्लुनी. इथला मठ ९१० सालचा. त्यांचं मोठं चर्च रोमचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं आणि दगडासाठी फोडलं, जेमतेम दहावा हिस्सा उरलाय. मला भव्य अवशेषांसमोर काय करायचं कधीच कळत नाही, दोन फोटो काढून मी सावली शोधते. पण एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. इथले साधू बराच वेळ मौन पाळायचे आणि त्यांनी खुणांची एक अख्खी भाषा केली होती. पावाला दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून गोल करायचा, कारण पाव गोल. माशाला हात शेपटीसारखा हलवायचा.

मला एकदम आमचंच आठवलं. तीन दिवस आम्ही एकामागे एक चालवत होतो, बोलायचं तर ओरडावं लागतं आणि तिथे ओरडवत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून सगळं हातावरच चाललं होतं. खड्डा, पाणी, थांब, तो बगळा बघ. सत्तावीस वर्षांच्या संसारात इतकं कमी बोलून इतकं कमी भांडण कधी झालं नव्हतं.

सोमवार होता. बेकरीची पाटी मला आधी दिसली. नवरा पन्नास पावलं मागे सायकलला कुलूप लावत होता, त्याने तिथूनच दोन्ही हातांचा गोल केला. मी बंद शटरकडे बघून तळवे उलटे केले. त्याने जरा विचार केला, मग आपल्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि हात उभा धरून शेपटी हलवली. शालोंपासून तो सार्डिनचा डबा आम्ही उगाच वाहत होतो.