ओढ्याकाठी कोणतं झाड लावू?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. सोबत बहुतेक वेळा फोटो असतो. मागे सोसायटीची भिंत, पुढे ओढा, मधे प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेली झुडपं, आणि खाली मजकूर: ‘मॅडम, इथे कोणती झाडं लावू? दहा नावं पाठवा.’ मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पुण्याच्या आसपासच्या ओढ्यांच्या काठावर काय उगवतं आणि पाण्यात पडल्यावर त्याचं पुढे काय होतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. तेव्हा प्रश्न माझ्या दारात येणं साहजिकच. या वेळी बाणेरच्या एका काकांनी विचारलंय. त्यांच्या सोसायटीच्या मागून रामनदी जाते.

काका, तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. एरवी मी दहा नावं पाठवून मोकळी व्हायचे. त्या दहा नावांनी एकदा चांगलाच घोटाळा केला, तो पुढे सांगते. आधी माझ्या प्रयोगातल्या पिशव्यांची गोष्ट.

संशोधनाला सुरुवात केली तेव्हा मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या अलीकडे, एका ओढ्यात मी नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या बांधून ठेवल्या होत्या. प्रयोग जुना आणि सोपा आहे, जगभर करतात. वाळलेली पानं वजन करून पिशवीत भरायची, पिशवी पाण्यात एखाद्या मुळीला बांधायची. ठरावीक दिवसांनी एकेक काढायची, धुवायची, वाळवायची, पुन्हा वजन करायचं. किती पान उरलं त्यावरून ओढा किती जेवला ते कळतं. काही पिशव्या मोठ्या भोकांच्या, म्हणजे किडे आत शिरतील. काही अगदी बारीक जाळीच्या, म्हणजे आत पोचणार फक्त बुरशी आणि जिवाणू. दोन्हींतला फरक हा किड्यांचा वाटा.

तिसऱ्या आठवड्यात गेले तर आठ पिशव्या गायब. वरच्या अंगाला एक आजोबा म्हशी घेऊन बसले होते. त्यांनी पिशव्या घडी घालून धोंड्याखाली ठेवल्या होत्या. म्हणाले, ‘ताई, तुमच्या जाळ्यात एक बी मासा न्हवता. निस्ता पालाच भरला हुता. मी समदा काढून टाकला, म्हटलं आता तरी घावंल कायतरी.’ माझे तीन आठवडे वाहून गेले होते आणि आजोबांच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान. काय बोलणार! पुढच्या खेपेला मात्र पिशव्यांची राखण त्यांनीच केली.

त्या खेपेला जे हाताला लागलं त्यावर माझं आजवरचं काम उभं आहे. करंजाचं पान मऊ. झाड डाळींच्या कुळातलं, पानात नत्र भरपूर. त्याच्या पिशवीत थोड्याच आठवड्यांत देठ आणि शिरांची नाजूक जाळी तेवढी उरली होती, वहीत ठेवलेल्या पिंपळपानासारखी. उंबर मधला. जांभळाचं पान चामट, तुरट. ते महिनोन्‌महिने ढिम्म. गंमत म्हणून एका पिशवीत नीलगिरी भरली होती. ती उघडली तर वास अजून शिल्लक! अशा तेलकट, तुरट पानाला बुरशी लवकर तोंड लावत नाही, आणि बुरशीने मऊ केल्याशिवाय किडे फिरकत नाहीत.

म्हणजे आपण भाकरी दुधात कुस्करतो तसंच. पान पाण्यात पडलं की आधी त्यातला रंग-रस उतरतो, मग त्यावर बुरशी चढते, मग कुरतडणारे येतात. त्यात पानांच्या तुकड्यांचं नाहीतर वाळूच्या कणांचं नळीसारखं घर अंगाभोवती विणून फिरणाऱ्या अळ्या असतात. सह्याद्रीच्या ओढ्यांत खेकडेही ताव मारतात. त्यांनी केलेला भुगा खाली वाहत जातो, तो गाळून खाणारे वेगळे. त्यांच्यावर मासे. दाट झाडीतल्या लहान ओढ्यात ऊन तळाशी पोचतच नाही, तिथे शेवाळ फारसं वाढत नाही, आणि ओढ्याचं बरंचसं जेवण वरून, झाडावरूनच येतं.

या बुरशीबद्दल थांबून सांगायलाच हवं. पावसाळ्यात स्वच्छ ओढ्यात धबधब्याखाली पांढरट-तपकिरी फेस साचतो, पाहिला असेल. त्यातला चमचाभर फेस बाटलीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यात चार हातांच्या चांदण्या दिसतात. कुठे तीन हातांच्या, कुठे इंग्रजी एस अक्षरासारख्या लांबट. हे त्या बुरशीचे बीजाणू. वाहत्या पाण्यात गोल बी पानावरून घरंगळून जाईल; चार हात असले की कुठला ना कुठला हात पानाला टेकतोच, नांगरासारखा. इंगोल्ड नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरच्या या बुरशीची ओळख करून दिली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना हाक मारून दाखवलं होतं. आई म्हणाली, ‘एवढं शिकून फेस गोळा करायला जातेस?’ भिडे पुलाजवळ मुठेवर जो फेस दिसतो, त्यात मात्र चांदण्या शोधायला जाऊ नका. तो आपल्या मोरीतला आहे.

सावलीचं थोडक्यात. सावली गेली की पाणी तापतं, आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. त्यात सांडपाणी मिसळलं की उरलेलाही संपतो. शहरातल्या बहुतेक ओढ्यांत धोंडा उलटला की लाल, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळताना दिसतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तगतात. याच पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या, भरपूर प्राणवायू लागणाऱ्या महसीर माशाला सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिलं, तेही इथल्याच बोलीतला ‘खुद्री’ शब्द उचलून. महसीर ते लाल अळी, एवढा आपला प्रवास.

आता घोटाळा. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सोसायटीने अशीच यादी मागितली होती आणि मी पाठवली होती. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन वगैरे, सगळी देशी, सगळी बिनचूक. त्यांनी ती लॅमिनेट करून नोटीस बोर्डावर लावली. मग जेसीबी बोलावला. यादीतली झाडं लावायची तर जागा ‘साफ’ नको का करायला? दोन दिवसांत काठावरची निर्गुडी गेली, लव्हाळ्याचे गठ्ठे गेले, आपोआप उगवलेली गुडघाभर उंबराची रोपं गेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात वृक्षारोपण. मलाच पाहुणी म्हणून बोलावलं होतं, नारळ आणि शाल. काठ तासून गुळगुळीत झालेला, त्यात ओळीने खड्डे, खड्ड्यात रोप, रोपाभोवती लोखंडी पिंजरा. मला ते पाहून पोटात गोळा आला, पण शाल अंगावर असताना माणूस बोलत नाही. मीही बोलले नाही. ऑगस्टमधल्या एका रात्री ओढा चढला. निम्मी रोपं पिंजऱ्यासकट गेली, काठाची माती खचली आणि कुंपणाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. ती माती ज्यांनी धरून ठेवली होती ती मुळं जेसीबीच्या दातांत गेली होती. लव्हाळ्याची थोरवी आपण शाळेपासून ऐकतो. पुरापुढे वाकतो आणि मागे उरतो. आणि प्रत्यक्ष दिसला की त्याला गवत म्हणून उपटतो.

कुणी म्हणेल, झाडं-झुडपं पाणी अडवतात, म्हणून तर पूर येतो. पुण्यातल्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीच्या पुरात जे केलं, ते पाहिलेल्या माणसाला मी हसणार नाही. पुलाच्या तोंडाशी उन्मळून पडलेलं झाड अडकलं तर पाणी तुंबतं, हे खरंच आहे. ते काढायलाच हवं. पण भराव टाकून निम्म्यावर आणलेला ओढा तुंबला आणि ठपका निर्गुडीवर, हा न्याय मला पटत नाही.

तर काका, यादीऐवजी मीच तुम्हाला विचारते. गेल्या पावसात पाणी कुठवर चढलं होतं, त्याची खूण भिंतीवर आहे का? आणि आत्ता, तुम्ही काही न लावता, तिथे काय उगवलंय? फोटोत मला एरंड आणि बेशरम दिसतेय, खाली पाणकणसाचा पट्टा. पाणकणीस एवढं माजलंय म्हणजे वरून कुठून तरी बारमाही सांडपाणी येतंय. ते कुठून येतं ते आधी शोधा. त्याला झाड हा उपाय नाही. पाणकणीस तोवर राहू द्या. डाव्या कोपऱ्यात, दगडांजवळ, निर्गुडी आहे. तिला हात लावू नका. तिच्या आडोशाला बघा, करंजाची नाहीतर उंबराची दोन-चार पिल्लं असतील. तीच तुमची झाडं. त्यांनी जागा स्वतः निवडली आहे.

लावायचंच असेल तर पाण्याच्या अगदी कडेला शेरणी हे झुडूप आणि वाळुंज, म्हणजे आपल्याकडचा विलो. शेरणीच्या फांद्या चाबकासारख्या लवचीक, पाने अरुंद; नदीपात्रात धोंड्यांच्या फटीत पूर अंगावर घेऊन उभी राहते. वाळुंज आडनावाची माणसं पुण्यात हवी तितकी मिळतील, वाळुंजाचं झाड दाखवा म्हटलं तर पंचाईत. थिओडोर कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते, म्हणजे संगमाजवळच्या आजच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेचे. त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला, १९०१ ते १९०८ मध्ये तो छापून झाला. इंजिनिअर घडवणारा माणूस काठावरच्या झुडपांची नोंद घेत होता, हे मी आजच्या इंजिनिअरांना मुद्दाम सांगते. कुणी मनावर घेत नाही. असो. वाळुंज पावसाळा सरता सरता पानं गाळतो, करंज उन्हाळ्याच्या तोंडाला. जांभळाचं चिवट पान सावकाश पुरतं. एकाच जातीची रांग लावलीत तर ओढ्याला एकदा मेजवानी आणि मग उपास.

पूररेषेच्या वर जांभूळ, अर्जुन, काय हवं ते. आणि तुमच्या माळीबुवांना सांगा, काठावरचा पाला झाडून पेटवू नका म्हणून. मागच्या फोटोत धूर दिसत होता.

हे सगळं मी काकांना आधी फोनवर सांगितलं होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, ते बाकी ठीक आहे, पण वाळुंज नर्सरीत मिळत नाही. तीन ठिकाणी विचारलं. एकाने अशोक दिला.’ मिळत नाहीच. म्हणून गेल्या आठवड्यात मुळशीकडून येताना बोटाएवढ्या जाडीचे फाटे तोडून आणलेत. माझ्या बाल्कनीत बादलीत उभे आहेत, सालीवर पांढऱ्या मुळांचे ठिपके फुटलेत. ओढ्याचं पाणी आता उतरलंय. रविवारी सकाळी या, काका. येताना बादली आणा, माझी परत लागेल.