उद्यमबागेतला धूर गेला कुठे?

एक किलो कोक (दगडी कोळशापासून बनवलेलं इंधन) जाळला की तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, असं परवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत बोललो आणि मामांनी घास तसाच धरला. "एकाचे तीन कसे होतील गा?" मामांची निम्मी हयात कुपोलावर, म्हणजे कोक जाळून लोखंड वितळवायच्या भट्टीवर गेलेली. मी फरशीवर खडूने मांडलं: 12 किलो कार्बन हवेतला 32 किलो ऑक्सिजन घेतो, 44 किलो वायू होतो. ब्लोअरने आपण जी हवा आत कोंबायचो, तीच वजनात उतरते. हे त्यांना लगेच पटलं. ब्लोअर मंदावला की लोखंड कसं गार पडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

या वायूला कायद्याचा लगाम हवा, असं म्हणालो तर मामा अडले, "पण श्वासातनं सोडतो तोच वायू की. त्याच्यावर कसला कायदा?"

हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथल्या हवेच्या कायद्यात हा वायूही प्रदूषक म्हणून बसतो, असा निकाल 2007 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी लागला. मला तो बरोबर वाटतो. श्वासातला कार्बन यंदाच्या भाकरीतला, ज्वारीने हवेतूनच घेतलेला. कोकमधला कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. तो वर काढून जाळला की हवेत भरच पडते.

म्हणजे कायदा हवाच. पण मोजायचं कुठे?

आमच्याकडे कुपोला जाऊन विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आली. शेजारच्या अनगोळात गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काळी कणी पडायची, ती थांबली. मामांचा खोकला कमी झाला. ही फार मोठी गोष्ट आहे, मी तिला कमी लेखणार नाही. पण गेल्या महिन्यात एका खरेदीदाराने टनामागचं उत्सर्जन, म्हणजे टनभर लोखंड वितळवताना किती कार्बन डायऑक्साइड निघतो ते विचारलं, म्हणून हिशोबाला बसलो. कुपोलाला टनाला साधारण 125 किलो कोक लागायचा, त्याचा वायू 390 किलोच्या आसपास. इंडक्शनला टनाला 600 युनिट. ग्रीडच्या विजेमागे निघणाऱ्या वायूची सरासरी युनिटला 0.7 किलो धरली तर 420 किलो! मी दोनदा ताळा घेतला. धुराडं आमच्या आवारातून उठून कुडगी आणि रायचूरच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांवर गेलंय, एवढंच.

युरोपची कार्बन सीमा-आकारणी, म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना निघालेल्या वायूवरची आकारणी, 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाली. लोखंड-पोलादाच्या बाबतीत त्यात सध्या कारखान्यातून थेट निघणारा वायूच धरतात, विजेचा नाही. त्या मापाने आमची भट्टी स्वच्छ ठरेल. माल विकायला सोयीचं आहे, पण ते खरं नाही. आपल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेची अधिसूचना 2023 मध्ये निघाली, तिची उत्सर्जन कमी करण्याची लक्ष्यं सिमेंट, ॲल्युमिनियमसारख्या मोठ्या उद्योगांपासून सुरू झाली. ते योग्यच. लहान फाउंड्रीवर उद्या नियम येईल तेव्हा तो वीज धरून यावा, आणि वीज स्वच्छ करण्याची जबाबदारी वीज बनवणाऱ्यावर असावी. वितळवणाऱ्याने काय करायचं? झाकण वेळेवर टाकायचं, वितळलेल्या लोखंडाचा तयार रस ताटकळत ठेवायचा नाही. तेवढं आमच्या हातात आहे.

सोमवारपासून हीटच्या (भट्टीच्या प्रत्येक खेपेच्या) वहीत युनिटचा नवा रकाना ओढलाय. पहिल्या हीटला किती गेले, ते मामा रोज स्वतः मीटरवर वाकून बघतात.