मधली तीन वर्षं

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो. दहावी 2010 ची, बारावी 2015 ची. मुलाखतीत, सोयरिकीच्या बैठकीत हाच प्रश्न: मधली तीन वर्षं काय केलं?

काम केलं. अण्णांच्या छोट्या हत्तीवर. पहाटे साडेतीनला बिबवेवाडीतून निघायचं, मार्केट यार्डात कांद्याची पोती, टोमॅटोचे क्रेट भरायचे, पेठांतल्या खाणावळींना पोचवायचे. पगार नव्हता. घरच्या गाडीवर कसला पगार?

2011 च्या दिवाळीनंतर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या एक ताई घरी आल्या. घरात कोण काय करतं, ते लिहून घेत होत्या. मी नुकताच येऊन मोरीत हातपाय धूत होतो. केसांत कांद्याची टरफलं होती.

"आणि मुलगा?"

"शिकतोय," अण्णा म्हणाले.

"कितवीला?"

अण्णा थांबले. "अकरावीला."

शिकत असतो तर बारावीला असतो. तेवढंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"गाडीवर मदत करतो का?"

"छे हो. येतो कधीतरी माझ्याबरोबर."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहणीत घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाराही कामकरी धरतात, हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी त्या मी बोलायची वाट बघत होत्या एवढं मात्र कळलं होतं. मी टॉवेलानं तोंड पुसत राहिलो. त्यांनी लिहिलं.

अण्णा कायद्याला घाबरले, असं मी पुढे सगळ्यांना सांगायचो. ते खरं नाही. मी सोळाचा होतो, पोती उचलायला मला कुठला कायदा आडवा येत नव्हता. हप्ते थकले होते, हाताखालचा पोऱ्या सोडून गेला होता, म्हणून मला कॉलेजातून काढलं, हे त्यांना कुणासमोर म्हणवत नव्हतं. आणि मला काढलं, हेही अर्धंच. अकरावीच्या वर्गात मला काही समजत नव्हतं. गाडीवर बसलो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्याच पाहणीप्रमाणे 2004-05 ते 2011-12 या काळात पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलग्यांचं काम करण्याचं प्रमाण बरंच घटलं. मुलं शाळा-कॉलेजात टिकली, हे त्यामागचं मोठं कारण, आणि ते चांगलंच झालं. तरी तो आकडा दिसला की मी त्यात स्वतःला शोधतो.

पण अण्णांनाच का बोल लावू? 2013 मध्ये परत प्रवेश घेताना गॅप सर्टिफिकेट लागलं. शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं नेहमीचा मजकूर काढून दिला: सदर काळात मी कोठेही शिक्षण, नोकरी वा व्यवसाय केलेला नाही. मी वाचलं आणि सही केली.

गेल्या महिन्यात मुलीकडच्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "मधे तब्येत बरी नव्हती त्याची."

मी मान हलवली.