आमच्या बीटल्सवाल्यांचा डिसेंबर

आमच्या मंडळाची नोंदणी नाही, घटना नाही, आणि खजिनदार आहे तो चहा-भजीच्या हिशेबापुरता. तरी दर डिसेंबरात आम्ही फोंड्याला जमतो. एका मराठी शाळेत शिकलेले आम्ही काही जण, मागाहून त्यात आलेल्या बायका, मेहुणे, भाचरं, एक-दोन शेजारी. आम्हाला बीटल्सचं, म्हणजे इंग्लंडातल्या त्या चौघांच्या बँडचं, वेड लागलं ते सत्तरच्या दशकात, दहावी-अकरावीच्या वयात. म्हणजे बँड फुटल्यावर. लग्न मोडल्यानंतर वऱ्हाडात सामील होण्यातला प्रकार!

८ डिसेंबर १९८० ला त्या चौघांतल्या जॉन लेननचा खून झाला आणि पुढच्या वर्षीपासून त्या दिवशी एकत्र यायचं ठरलं. पण ८ डिसेंबर म्हणजे पणजीच्या चर्चचं फेस्त. पणजीकरांना आयतं कारण मिळालं. घरी पाहुणे आहेत, रस्ते बंद आहेत, पोरांना फेरीत न्यायचं आहे. मग आमच्यातल्या भूगोलाच्या मास्तरांनी शोध लावला, की गोळ्या झाडल्या तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे पावणेअकरा वाजून गेले होते, म्हणजे आपल्याकडे नऊ तारखेची सकाळ उजाडून सव्वानऊ झाले होते. आपल्या घड्याळाने पुण्यतिथी नऊलाच. ठराव झाला, तारीख बदलली. पणजीकर तरीही आले नाहीत. हल्ली फेस्तचा शीण असतो म्हणे. पेडण्याच्या एक वहिनी बसा बदलत येतात, त्यातली एक बस त्या पणजीच्याच स्टँडवर पकडतात, आणि तिथून पाच मिनिटांवर राहणाऱ्यांना फोंडा लांब पडतो. हे मी दरवर्षी बोलून दाखवतो, यंदा लिहूनही ठेवतो.

समई लागते, ईशस्तवन होतं, प्रास्ताविक, अहवाल, पाहुण्यांना नारळ. हे सगळीकडे असतं तसंच.

मी येतो ते त्यापुढच्या तासाभरासाठी. विषय ठरलेला: हे गाणं तुमच्या कानावर पहिल्यांदा कुणी घातलं? बीटल्सवर विद्वत्तेने बोलणारे आमच्यात पुष्कळ आहेत. कुठला अल्बम कुठल्या महिन्यात, कुठल्या टेकला कोण खोकला, सगळं तोंडपाठ. त्यांना मी टाळ्या देतो आणि घड्याळ बघतो. पण एखादा मागच्या खुर्चीवरून उठतो, ‘हांव भाशण करपाक येवंक ना’ असं म्हणतो आणि मग दहा मिनिटं खाली बसत नाही, तिथे माझा गळा दाटतो. एका तारवट्याच्या मुलीने सांगितलं होतं, की बाबा बोटीवरून आले की ट्रंकेत वर साबण आणि चॉकलेटं असायची आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेल्या रेकॉर्डी. ते परत बोटीवर गेले की आई रेकॉर्ड लावू द्यायची नाही. ‘ते आले की लावू’ म्हणायची. त्यामुळे शाळेतून येताना वाटेवर तो आवाज ऐकू आला, की बाबा घरी आहेत असं समजायचं आणि पळत सुटायचं. तिला बोलताना पाहून बीटल्सचा उजवा-डावा चॅनेल समजावणारे आमचे पंडित पहिल्यांदाच गप्प बसलेले मी पाहिले.

आणि पेटीवाले काका. हे मूळचे आमच्यातले नव्हेतच. गावच्या भजनी सप्ताहात रात्रभर पेटी धरणारा माणूस, पुतण्याला सोडायला म्हणून आला आणि दाराशी उभा राहिला. आत ‘रबर सोल’ वाजत होता, डिसेंबर १९६५ चा. चौघांतल्या जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवलेलं गाणं त्यातलंच, आणि तेच चालू होतं. काकांनी चप्पल काढली, आत आले आणि कुणालाच न उद्देशून म्हणाले, ‘खमाज थाट रे हा. कोमल निषाद ऐक.’ मधला भाग आला तसे बोट वर करून म्हणाले, ‘गंधार उतरला. आता काफीत गेला.’ आणि मांडीवर सहा मात्रा मोजायला लागले, दादऱ्यासारख्या. तोवर आम्ही त्या गाण्यावर तासन् तास बोललो होतो, पण त्यातला गंधार आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता. पुढच्या वर्षी काका पेटी आणि तबलजी दोन्ही घेऊन आले. तेव्हापासून ते आमचे, किंवा खरं सांगायचं तर आम्ही त्यांचे.

२९ नोव्हेंबर २००१ ला जॉर्ज हॅरिसन गेला. मेळावा दहा दिवसांवर आला होता. हा हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात मुंबईला येऊन रविशंकरांकडे सतारीचे धडे घेऊन गेलेला. १९६८ च्या जानेवारीत परत आला तो मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत एका चित्रपटाचं संगीत करायला. आशीष खाँचा सरोद, शिवकुमार शर्मांचं संतूर, हनुमान जाधवांची शहनाई! त्याच मुक्कामात हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसह बांधलेली एक चाल मार्चमध्ये बीटल्सच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आली. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनच्या रचनेला जागा मिळाली ती तेव्हा पहिल्यांदा. काकांनी ती चाल आठवडाभर बसवली होती. ‘शिकायला आलेला माणूस,’ एवढंच बोलले आणि पेटीचा भाता उघडला. लोटलीचा आमचा मित्र, लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, शिकलेला, त्याने व्हायोलिनवर बासरीची जागा घेतली. शब्द कुणी गायले नाहीत. त्या वर्षी उपस्थिती भरगच्च होती. दोन पणजीकरसुद्धा होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

गंमत झाली ती दिवे गेले त्या वर्षी. कुडचड्याच्या एका मित्राकडे बीटल्सची ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुन्या पद्धतीची, तबकडी आहे, आपल्याकडे छापलेली. इंग्लंडात तोवर अशा तबकड्या बंद पडल्या होत्या, पण आपल्या खेड्यापाड्यांत वीज नव्हती आणि चावीचे ग्रामोफोन होते, म्हणून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्ससुद्धा लाखेच्या तबकडीवर निघत राहिले. हा मित्र ती आजीच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणतो, सगळ्यांना लांबून दाखवतो आणि परत नेतो. सुई झिजवते म्हणून वाजवत नाही. त्या संध्याकाळी ऐन कार्यक्रमात अंधार झाला. मास्तर म्हणाले, ‘अरे, ही तबकडी अशाच वेळेसाठी काढली होती ना?’ मित्राने पाच मिनिटं आढेवेढे घेतले. मग ग्रामोफोनला चावी दिली, डबीतून कोरी सुई काढून बसवली आणि मेणबत्तीच्या उजेडात ती काठावर टेकवली. आधी नुसती खरखर. मग एकदम ते चौघं, अगदी खोलीत आल्यासारखे. गाणं अर्ध्यावर असताना स्प्रिंग सैल पडली. आवाज जड होत, ओढत खाली बसायला लागले, तसा पेडण्याच्या वहिनींचा मुलगा धावला आणि गाणं चालू असतानाच चावी फिरवायला लागला. पोरं पुन्हा सुरात वर चढली. माझ्या आठवणीत एवढ्या टाळ्या कुठल्याच प्रमुख पाहुण्याला पडलेल्या नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये लेननच्या जुन्या कॅसेटवरचा आवाज सोडवून घेऊन बीटल्सचं म्हणून नवं गाणं निघालं. नव्या गाण्याची वाट बघण्याचं सुख आम्हाला मिळालं ते गुडघे दुखायला लागल्यावर. त्या वर्षी वाद खूप झाले. मला गाणं आवडलं.

आता आभार. नावं छापू नका अशी सगळ्यांची तंबी आहे, तेव्हा कामावरून ओळखा. रविवार असो नसो, हॉल उघडून देणारे शिपाईमामा. अर्ध्या पैशांत स्पीकर लावणारा आणि पूर्ण आवाजात तपासणारा पोरगा. पहाटे उंडे, म्हणजे गोल पाव, पोचवणारा पदेर. पातळ भाजीचं टोप एकटीने सांभाळणाऱ्या कुर्टीच्या वहिनी, आणि ते टोप घासणारे त्यांचे यजमान, ज्यांना बीटल्स अजिबात आवडत नाहीत. फळ्यावर चारही चेहरे काढणारे चित्रकलेचे सर. काकांची पेटी जिन्यावरून चढवणारे आणि उतरवणारे दोघे, दोघांचेही आभार वेगवेगळे, कारण गेल्या खेपेस एकाचंच नाव घेतलं म्हणून दुसरा रुसला होता. खुर्च्या मोजून परत करणाऱ्या बाई. मेळाव्याला न येता दरवर्षी वर्गणी मात्र वेळेवर धाडणारी मस्कतची मंडळी.

हे वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, जनरेटरला डिझेल कुणी आणलं ते राहिलं. बेतोड्याच्या भावोजींनी. कॅनही त्यांचाच, तो अजून आमच्या पडवीत आहे.