तुम्ही विचारलंत म्हणून : तळघरातल्या जाड दाराविषयी

सुट्टीत पुण्याला किंवा उमरग्याला गेलो की एक प्रश्न हमखास येतो, आणि 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून तो फोनवरही विचारला जाऊ लागला आहे : ‘‘तुमच्या स्वित्झर्लंडमध्ये म्हणे प्रत्येकाच्या घराखाली बंकर असतो. उद्या जगबुडी झाली तर तुम्ही वाचाल, आमचं काय?’’ काही जण हे थट्टेने विचारतात, पण पुष्कळांच्या मनात खरी धास्ती असते, म्हणून एकदा नीट उत्तर द्यावे असे वाटले.

मी बाडेन या गावात राहतो आणि आमच्या इमारतीच्या तळघरात काँक्रीटचे जाड दार असलेली खोली खरोखरच आहे. शीतयुद्धाच्या काळात, 1963 साली, इथे कायदा झाला आणि नव्या घरांबरोबर असे निवारे बांधले जाऊ लागले. प्रत्येक रहिवाशासाठी घराच्या आसपास, पायी पोहोचता येईल अशी सुरक्षित जागा असली पाहिजे, हे त्यामागचे सूत्र आजही कायम आहे. देशात सुमारे 3 लाख 70 हजार निवारे असून त्यांत जवळपास 90 लाख माणसांची सोय होते, म्हणजे साधारण देशाच्या लोकसंख्येइतकी. बाहेरची हवा गाळून आत घेणारे यंत्र तिथे असते, आणि वीज गेली तर ते हाताने फिरवण्यासाठी दांडा असतो. शांततेच्या काळात या खोलीत लोक स्की, जुन्या खुर्च्या, वाइनच्या बाटल्या ठेवतात, आमच्या घरची लोणच्याची बरणीही तिथेच असते. सरकारचा आदेश निघाला की पाच दिवसांत सगळे हलवून जागा वापरण्याजोगी करायची, असा नियम आहे.

या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट काँक्रीटची नाही. कायदा नागरिकांपुरता बोलत नाही, तो रहिवाशांविषयी बोलतो. वरच्या मजल्यावरच्या स्विस आजी, शेजारचे इरिट्रियाहून आश्रयाला आलेले कुटुंब आणि उमरग्याच्या ओढीने इथे राहणारा मी, आम्हा सगळ्यांचा हिशेब एकाच यादीत आहे. कोणाची जागा कोणत्या निवाऱ्यात, हे प्रशासन आधी जाहीर करत नाही, तशी परिस्थिती आली तरच कळवते. त्यामुळे ही माझी जागा, असे म्हणण्याची सोय कोणालाच नाही.

याउलट अमेरिकेतील कॅन्ससमध्ये अॅटलास क्षेपणास्त्रासाठी खोदलेल्या एका जुन्या भूमिगत कोठाराचे रूपांतर पंधरा मजली निवासात केलेले आहे. तिथले फ्लॅट लाखो डॉलरला विकले गेले. आत पोहण्याचा तलाव आहे, चित्रपटगृह आहे आणि राहण्याची सोय जेमतेम पाऊणशे माणसांची आहे. अमेरिकेत तयारी करणारे सगळेच असे नाहीत. पुष्कळ सामान्य कुटुंबे वादळाच्या किंवा बर्फाच्या भीतीने चार डबे जास्त भरून ठेवतात आणि ते शहाणपणाचेच आहे. पण जिथे तयारीचा मुख्य भाग म्हणजे इतरांना बाहेर ठेवणे होतो, तिथे माझे मन अडते. अशा तयारीत शेजारी हा धोका म्हणून मोजला जातो, आणि माझ्या माहितीतल्या खऱ्या संकटांत तर माणसे वाचली ती शेजाऱ्यांमुळे.

इथे मला किल्लारीविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे गेली. माझे आजोळ त्याच पट्ट्यातले. जमीन काही सेकंदच हलली, पण मातीत रचलेल्या दगडी, रुंद भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांनी जड झालेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. घरात धान्याच्या कणग्या भरलेल्या होत्या, वर्षभराचे तिखट-मीठ होते, पण त्याचा त्या क्षणी कोणालाच उपयोग नव्हता. लष्कर आणि सरकारी पथके पोहोचण्याआधीचे तास फार निर्णायक असतात, आणि त्या तासांत पावसाने भिजलेला ढिगारा हातांनी, टिकावांनी उपसणारे लोक गावातले आणि शेजारच्या वाडीतलेच होते. कोणत्या घरात किती माणसे कुठल्या खोलीत निजतात, हे त्यांनाच ठाऊक होते.

म्हणून ‘तुम्ही वाचाल’ हे विधान मला मान्य करता येत नाही. इथल्याच ल्युसर्न शहराचे उदाहरण पाहा. तिथल्या झोनेनबर्ग डोंगरातला महामार्गाचा बोगदा 1976 साली वीस हजार माणसांचा निवारा म्हणूनही सज्ज झाला. आत रुग्णालय, शस्त्रक्रियेची खोली, कोठडी, सगळे होते. 1987 साली मोठा सराव घेतला तेव्हा साडेतीनशे टनांच्या दारांपैकी एक पूर्ण बंद होईना, आणि आठवडाभराच्या खटपटीनंतरही खाटांचा थोडाच भाग उभा राहिला. 2006 साली ही क्षमता दोन हजारांवर आणली गेली. सराव घेऊन, त्यातले अपयश उघड मांडून योजना लहान करणे, ही गोष्ट मला त्या बोगद्याहून मोठी वाटते.

मग मी स्वतः काय ठेवतो, हा पुढचा प्रश्न ठरलेला. इथले सरकार माणशी नऊ लिटर पाणी, साधारण आठवडाभराचे अन्न, औषधे, विजेरी, बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि थोडी रोख रक्कम घरी ठेवायला सांगते. मी तेवढे ठेवतो, आणि वापरून भरत राहतो, म्हणजे काही सडत नाही. बेत्सनाऊचे अणुवीज केंद्र जवळ असल्याने पोटॅशियम आयोडाइडच्या, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनपासून थायरॉइड ग्रंथीचा बचाव करणाऱ्या गोळ्याही घरी आहेत. केंद्रांपासून पन्नास किलोमीटरच्या परिसरात त्या घरोघरी मोफत वाटल्या जातात. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीड वाजता देशभर धोक्याचे भोंगे वाजवून पाहतात, तेव्हा मी मुलांना प्रत्येक वेळी ते कशासाठी हे समजावून सांगतो. आठवड्यापलीकडची तयारी मी करत नाही. त्यानंतर जे लागेल ते एका घराच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी देशाने तांदूळ, साखर, तेल, इंधन यांचे सक्तीचे साठे आयातदारांकडे ठेवले आहेत, आणि तशी व्यवस्था टिकावी म्हणून तिचा वस्तूंच्या किमतीत मिसळलेला खर्च सोसणे हाही माझ्या तयारीचा भाग आहे.

उमरग्याला कोणी बंकरचा विषय काढला की मी हल्ली त्यांना गल्लीतली जुनी माळवदाची घरे कोणती आणि त्यांत कोण झोपते ते विचारतो. पुण्यात बहिणीच्या सोसायटीत आम्ही याच पद्धतीने बसून यादी केली : वीज गेल्यावर कोणाचे ऑक्सिजन यंत्र बंद पडेल, कोणाला जिना उतरता येत नाही, गच्चीच्या टाकीची किल्ली कोणाकडे असते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचे नाव यादीत नव्हते, कारण ते कोणाशी बोलत नाहीत. बहीण त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या इन्सुलिनला फ्रिज लागतो, हे लिहून घेऊन आली.