बर्फात बोटी बुडत नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो, कारण गोव्यात परत आल्यापासून हा प्रश्न मला कुठंही गाठतो. मालीमच्या मच्छीमार जेटीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, माझ्या तोंडात कापूस असताना. "तू नॉर्वेत बोटींवर कामाला होतास ना रे, मग बर्फ पडला की तिथल्या बोटींचं काय होतं? बुडत नाहीत?"

बुडतात. चांगल्या धक्क्याला बांधलेल्या, चार दोर लावलेल्या, इन्शुरन्स भरलेल्या बोटी बुडतात.

आधी एक घोळ सोडवतो. आपल्याकडे बर्फ म्हणजे बांगड्यावर टाकतो तो, फॅक्टरीतून गोणीतनं येणारा. आकाशातून भुरभुर पडतो तोही बर्फ आणि फ्रीजमध्ये होतो तोही बर्फच, आणि हिम म्हणायला आपली जीभ वळत नाही. तर मी वरून पडणाऱ्याला स्नो म्हणतो आणि पाण्याचा दगड होतो त्याला बर्फ, कारण बोटीचे हे दोन वेगळे शत्रू आहेत. स्नो बुडवतो, बर्फ फोडतो.

मी होतो ऑस्लोच्या फिओर्डवर, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीवर, एका मरिनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकवायची) इंजिनं बघायला, पाच हिवाळे. डिसेंबरात सूर्य सव्वानऊला उगवायचा आणि सव्वातीनच्या आत मावळायचा, म्हणजे जेवण करून बाहेर आलं की दिवस संपत आलेला. तिथं बरेच लोक ऑक्टोबरात बोट उचलून जमिनीवर ठेवतात, तेच शहाणपणाचं. पण जागा कमी, क्रेनचे पैसे, आणि काहींना ख्रिसमसला मासे गरवायचे असतात, म्हणून काही बोटी पाण्यातच राहतात. या लेखातली सगळी रड त्या बोटींची.

आता गणित. साधी १८ फुटी उघडी बोट घ्या, वरून उघडी जागा साधारण ६ चौरस मीटर. रात्रीत ३० सेंटीमीटर ताजा स्नो पडला. ताजा कोरडा स्नो अगदी हलका, घनमीटरला १०० किलोच्या आसपास, म्हणजे झाले १८० किलो, दोन-तीन माणसं बसल्यासारखं. बोटीला त्याचं काही वाटत नाही. पण दोन दिवसांनी हवा फिरते, पारा शून्याच्या वर जातो आणि पाऊस लागतो, आणि स्नो म्हणजे स्पंज, तो पाऊस खाली सोडतच नाही. ३० मिलिमीटर पाऊस म्हणजे त्या ६ चौरस मीटरवर आणखी १८० लिटर. आता ३६० किलो झाले, आणि इंजिन आधीच मागे लटकलेलं, म्हणजे बोटीची पाठ मुळातच खाली. मागे डेकला पाणी जायला दोन भोकं असतात, ती बाहेरच्या पाण्यापेक्षा जेमतेम चार बोटं वर. पाठ चार बोटं खाली गेली की त्याच भोकांतून पाणी आत यायला लागतं. ज्या वाटेनं पाणी बाहेर जायचं त्याच वाटेनं. मग पंप सुरू होतो, तो बॅटरीवर एक-दोन दिवस ओढतो, आणि थंडीत बॅटरी आधीच मेल्यासारखी. संपलं.

माझ्या पहिल्याच जानेवारीत हे डोळ्यांसमोर झालं. शुक्रवारी रात्री स्नो, शनिवारी ऊन, सगळं इतकं सुंदर दिसत होतं की मी फोटो काढून आईला पाठवले. त्यात एक निळी बोट होती, पाठ थोडी बसल्यासारखी. मी बघितली. माझ्या लिस्टमध्ये नव्हती, मालक कुठंतरी स्कीइंगला, मी पुढे गेलो. रविवारी पाऊस. सोमवारी सकाळी टॉर्च घेऊन गेलो तर काळ्या पाण्यावर फक्त पुढची काच दिसत होती आणि दोन दोर तंबोऱ्याच्या तारेसारखे ताणलेले. आईला पाठवलेल्या त्या फोटोत ती बोट अजून आहे, डाव्या कोपऱ्यात.

त्यानंतर मी लिस्ट वगैरे बघायचं सोडलं, पाठ बसलेली दिसली की फावडं. आणि फावडं प्लास्टिकचं बरं का, लोखंडाचं नाही, थंडीत फायबरच्या बोटीचा वरचा थर ठिसूळ होतो आणि एक घाव बसला की टवका उडतो. चिकटलेला बर्फ तर हातोडीनं ठोकायचाच नाही, राहू दे त्याला. स्नो काढायचा तोही दोन्ही बाजूंनी थोडा थोडा, कारण एक बाजू साफ करून दमून चहाला गेलात तर बोट दुसऱ्या बाजूला कलंडते. आणि एकट्यानं जायचं नाही, लाइफ जॅकेट घालूनच जायचं. धक्क्यावर काच अंथरल्यासारखं असतं, आणि त्या पाण्यात पडलात तर हाताची बोटं काही मिनिटांत तुमचं ऐकायचं सोडतात, शिडी समोर असून पकडता येत नाही.

ताडपत्री? घालतात, पण आपण पावसात घालतो तशी सपाट घातली तर न घातलेली परवडली, कारण मधे झोळ होतो आणि झोळात स्नो साठतो. मधोमध आडवी दांडी लावून उतरत्या छपरासारखी करायची, आपल्या कौलारू घरासारखी, उतार जितका तीव्र तितकं बरं, आणि कापड गुळगुळीत हवं म्हणजे स्नो आपोआप घसरतो. टोकांना हवेला वाट ठेवायची, नाहीतर आत सगळं बुरशीनं हिरवं.

हे स्नोचं. बर्फाचं काम वेगळंच, तो गाजावाजा करत नाही. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, आणि बंद जागेत फुगायला जागा नसली की जे काही भोवती आहे ते फुटतं, मग ते कास्ट आयर्न असो नाहीतर पितळ. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी ब्लॉक फोडतं, म्हणून हिवाळ्याआधी त्यात अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारं रंगीत द्रव, ओढून घ्यायचं, एक्झॉस्टमधून रंगीत पाणी पडेपर्यंत. बोटीच्या तळाला जे कॉक, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह, असतात ते बंद केले की त्यांच्यातल्या फिरत्या गोळ्याच्या आत चमचाभर पाणी अडकतं, तेवढं पुरतं. गंमत म्हणजे फुटलेलं कळतच नाही, बर्फच बूच होऊन बसलेला असतो. कळतं तो वितळल्यावर. आउटबोर्ड सरळ उभं ठेवलं तर त्यातलं पाणी आपोआप गळून जातं, पण लोक ते वर उचलून ठेवतात आणि एक्झॉस्टच्या भोकात पाणी साचून गोठतं. गिअर ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर समजायचं आत पाणी शिरलंय, आणि ते हिवाळ्याआधी बदललं नाही तर वसंतात गिअरकेसला तडा. अशा किती उघडल्या त्याचा हिशेब नाही, माझा पगार त्यावरच होता.

समुद्राचं पाणी गोठायला जवळजवळ उणे १.८ अंश लागतं, पण फिओर्डच्या वरच्या थरात नद्यांचं गोडं पाणी मिसळलेलं, म्हणून ते लवकर धरतं. काही जण बोटीखाली नळीतून हवेचे बुडबुडे सोडतात, खालचं जरा उबदार पाणी वर येतं आणि बोटीभोवती उघडं तळं राहतं. बघायला मजा येते, वीज गेली की मजा संपते.

हे सगळं मालीमला सांगितलं की पोरं हसतात. "आनी मागीर? आमचो पावस पळयलो मरे तांणी?" म्हणजे, आणि मग? आमचा पाऊस बघितलाय का रे त्यांनी? बरोबर आहे त्यांचं, आणि मीही तेच म्हणतो. आपल्याकडे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे पेपरात बातमीही नाही, आणि त्या ६ चौरस मीटरच्या बोटीत तो ६०० लिटर होतो. जून ते सप्टेंबर साधारण ३००० मिलिमीटर धरा, म्हणजे एका छोट्या होडीवर १८ टन पाणी पडून जातं. नॉर्वेचा स्नो त्यापुढं काहीच नाही. फरक इतकाच की पाऊस वाट मिळाली की जातो आणि स्नो बसून राहतो. म्हणून आपल्याकडे वाट मोकळी ठेवायची कला आहे, गटारं सोडून बाकी सगळीकडे.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, त्यामुळे लोक निमूट बोटी वर ओढतात. डॉल्फिन बघायला नेणाऱ्या होड्या माडाखाली, वर झावळ्या नाहीतर निळी ताडपत्री. ट्रॉलर मात्र नदीतच, एकमेकांना टायर लावून, आणि त्यांना रोज कोणीतरी बघायला लागतं. बाहेर नांगरावर ठेवायचा विचारच नको. जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं अख्खं खनिजवाहू जहाज पावसाळी हवेत कांदोळीच्या किनाऱ्याला येऊन रुतलं आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच गंजत राहिलं, आमच्या पिढीच्या समुद्रावरच्या प्रत्येक फोटोत ते आहे. आग्वादला मांडवीच्या तोंडाशी पावसाळ्यात लाट कशी फुटते ते बघितलंय त्याला सांगायला नको.

तिथं आणि इथं, मी बुडालेल्या बघितल्या त्या जवळपास सगळ्या बोटी बांधलेल्या होत्या. भर समुद्रात गेलेल्या कमीच. चालत्या बोटीत माणूस असतो, पायाला ओल लागली की तो उठतो. ऑस्लोकडे काही बोट क्लबात मेंबरांनी पाळीनं रात्री राखण करायची पद्धत आहे, वकील असो की सुतार, पाळी आली की टॉर्च घेऊन फेरी मारायची. मला सगळ्या यंत्रांपेक्षा तेच भारी वाटलं. मालीमला अशी पाळी लावून बघितली, दोन आठवडे टिकली.

आणि आता माझी फजिती, कारण शहाणपणा खूप सांगून झाला. बोट जमिनीवर ठेवली की पाठीमागचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं, हे मीच सगळ्यांना सांगतो. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर माझी स्वतःची होडी उतरवली, नारळ वाहिला, मामाला पुढं बसवलं, इंजिन एका झटक्यात लागलं, मी खुश. नदीच्या मधोमध मामा म्हणाला, "बाबा, चपला तरंगतायत." बूच घरी, देवळीत, दिव्याच्या मागे, हरवू नये म्हणून मीच ठेवलेलं. अंगठा भोकात घालून मी बसलो आणि मामानं, आयुष्यात कधी इंजिन न धरलेल्या माणसानं, बोट किनाऱ्याला लावली. तेव्हापासून बूच चावीच्याच रिंगला असतं, खिसा फाटला तरी चालेल.